सोलापूरच्या पेठेतल्या कॅन्सर पेशंटच्या सोबतीला : वर्षभर आम्ही काय केलं, आणि पुढे काय करावं?

साखरपेठकर
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि तो वास साडीला, अंथरुणाला, आमच्या दप्तरांनासुद्धा. सकाळी उठल्यावर मिश्री. तीन वर्षांपूर्वी तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दात लागत असेल म्हणून चार महिने तिने तो कुणालाच दाखवला नाही. पुढे तोंड उघडेना, भाकरीचा घास जाईना, तेव्हा आम्हाला कळलं. तुकडा काढून तपासला, बार्शीला नेलं, ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन. दीड वर्षानं आजार उलटला. मागच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या मैदानावर पाळणे उभे राहत होते, त्या आठवड्यात ती गेली.

उपचार मिळाले नाहीत अशी माझी तक्रार नाही. सरकारच्या जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा आणि लाईटचा खर्च भागला. जे मिळालं नाही ते सांगतो. ऑपरेशननंतर आईला नाकातून नळी घालून घरी सोडलं. नळीतून पेज कशी घालायची ते एका सिस्टरनं दाखवलं होतं, पण घाईत, आणि त्या वेळी माझं सगळं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं. तिसऱ्या रात्री साडेअकराला नळी तुंबली. बायको रडायला लागली. मी रिक्षा बघायला बाहेर पडलो तर कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, मागच्या गल्लीतल्या आक्कांना विचारा, त्यांच्या मालकांना असंच होतं. आक्का तशाच उठून आल्या. पाणी कोमट केलं, आईला उशांना टेकवून बसवलं, सिरिंजमध्ये पाणी घेऊन हळूहळू सोडलं, जोर अजिबात लावला नाही. नळी मोकळी झाली. नंतर त्यांनी पेज पातळ सोजीसारखी करून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायला शिकवलं. आमची पेज एकदाच गाळलेली होती, चूक तिथेच होती.

आक्का दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या मालकांना तोंडाचा कॅन्सर होता आणि तीन वर्षं त्यांनी घरी सगळं केलं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण त्यांनी लपवलं होतं. आम्हीही लपवलंच होतं. नातेवाइकांना ‘दाताचं ऑपरेशन’ सांगितलं होतं.

आई गेल्यावर आक्का आणि मी मिळून शोध घेतला. आमच्या आसपास अशी नऊ घरं निघाली. कुणाला कागदांची माहिती, कुणाला मुंबईच्या मुक्कामाची, कुणाला जखम धुण्याची. सगळं ज्ञान पेठेतच होतं, कुलूप लावून ठेवलेलं. त्या नऊ घरांतले आम्ही सहा जण आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एका दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसतो. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, गटाला नावही नाही. ज्याच्या हातात नवी फाईल आणि तोंडावर पहिल्या दिवसाचा गोंधळ, त्याला पाणी देतो आणि विचारतो, कुठल्या खिडकीला जायचंय?

सुरुवातीला वाटलं होतं की लोक पैसे मागतील. पैसे मागणारे थोडेच निघाले. बहुतेक जण विचारतात, ‘आता पुढं काय?’ डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण बाहेर येईपर्यंत अर्धं विसरलेलं असतं. म्हणून आता आमच्यातला एक जण, पेशंटची आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर, आत जातो आणि वहीत लिहून घेतो. पुढची तारीख, रक्ताची कोणती तपासणी, उपाशी यायचं की खाऊन, कोणती गोळी बंद करायची. ही वही पेशंटकडेच राहते. इतक्या साध्या वहीनं तारखा चुकणं बरंच कमी झालं.

तीन गोष्टींत आम्ही अडलोय. एक, आमच्यात तेलुगू नीट बोलणारं कुणी नाही, आणि अशोक चौक, विडी घरकुलाकडून येणाऱ्या निम्म्या बायका मराठीत मोकळ्या होत नाहीत. दुसरं, पैशांना हात लावावा का? तिसरं सगळ्यांत अवघड. घरचे म्हणतात पेशंटला आजाराचं नाव सांगू नका, आणि पेशंट आम्हाला बाजूला घेऊन विचारतो. अशा वेळी काय करायचं? जाणकारांनी लिहावं.

---

नीलमनगर
मंगळवार, रात्री १०.१५

दादा, वाचून डोळे भरले. माझी अम्मापण विड्याच वळायची.

भाषेचं तुम्ही बरोबर ओळखलंत. ‘दुखतंय का?’ विचारलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या मान हलवून ‘नाही’ म्हणतात. डॉक्टर समोर, मुलगा शेजारी उभा, मराठीत काय सांगायचं? त्यांनाच बाजूला घेऊन ‘नोप्पी उंदा अम्मा?’ विचारा, मग रात्र रात्र झोप नाही, कानात कळ जाते, सगळं बाहेर येतं. माझ्या अम्माचं दुखणं दोन महिने कागदावर ‘नाही’ असंच लिहिलेलं होतं.

दुसरी अडचण नावांची. आमची आडनावं रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरी, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसरी. मराठीत लिहिताना एक अक्षर बदलतं, इंग्रजीत आणखी एक. मंजुरी तिथेच अडकते. निदान झाल्यावर दुरुस्तीला धावण्यात आमचे अकरा दिवस गेले. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठवडा लागतोच, त्याच आठवड्यात नावं जुळवून घ्यायला सांगत जा.

मी शुक्रवारी येऊ शकते. सकाळची शाळा सुटली की साडेबाराला.

---

साखरपेठकर
मंगळवार, रात्री १०.३२

ताई, नक्की या. रिपोर्ट येईपर्यंत नावं जुळवायची हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहितो.

---

चाटी गल्ली
मंगळवार, रात्री ११.०५

योजनेबद्दल थोडं, कारण लोकांना अजून जुनेच आकडे माहीत आहेत. ही योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी. २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाख. पांढऱ्या कार्डवाल्यांना आधी लाभ नव्हता, आता आहे. तरीही ‘आमचं कार्ड पांढरं आहे’ म्हणून दागिने गहाण टाकून बसलेली माणसं मला भेटली आहेत.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची खुर्ची असते. डॉक्टरांच्या आधी तिथे जा. आणि पैसे भरून झाल्यावर योजनेत घ्या म्हणायला जाऊ नका, दाखल होतानाच सांगा. चौकशीचा नंबर १५५३८८.

धर्मादाय दवाखान्यांचंही लक्षात ठेवा. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर धावपळ वाचते.

---

जुळे सोलापूर
बुधवार, सकाळी ७.५०

मी स्वतः पेशंट आहे. छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन, आठ केमो, लाईट, सगळं झालंय. चार वर्षं झाली. तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला दुसरी बाजू सांगायची आहे.

आजारापेक्षा भेटायला येणाऱ्यांनी मला जास्त थकवलं. कितवी स्टेज? आधी कळलं नाही का? आमच्या नणंदेलाही होतं हो, बिचारी गेली. अमक्या गावात एक जण पाला देतो, केमोची गरजच पडत नाही. केमोनंतरच्या चौथ्या दिवशी, तोंड सोललेलं असताना, माझ्या पुढ्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवून ‘खाल्लं पाहिजे, ताकद येईल’ म्हणणारेही होते. आणि पहिल्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. माझे मिस्टर ठणठणीत आहेत, कुंकू पुसलेलं नाही, तरी नाही. केस नव्हते ना. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

उपयोगी कोण पडलं? समोरच्या वहिनी. घरी येऊन बसल्या नाहीत, सल्ला दिला नाही. सहा महिने माझ्या मुलीला त्यांच्या मुलाबरोबर शाळेत सोडलं आणि आणलं. दर केमोच्या दिवशी संध्याकाळी दारात मऊ भात आणि मुगाचं वरण ठेवून जायच्या, तिखट-मसाला काही नाही, बेल वाजवायच्या आणि निघून जायच्या. कुणाला भेटायचंही माझ्यात त्राण नसायचं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

म्हणून विनंती. तुमच्या सहा जणांनी काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही ते आधी ठरवा. आणि कुणाचाही फोटो काढू नका. फळं वाटतानाचा तर नकोच नको.

---

साखरपेठकर
बुधवार, सकाळी ८.२०

ताई, फोटो आम्ही काढत नाही. एकदा एका पाहुण्यांनी काढला होता, तेव्हा मी गप्प बसलो, ती चूक माझी. पुन्हा होणार नाही. बाकी तुमचा पूर्ण प्रतिसाद तुमची हरकत नसेल तर आम्हा सहा जणांत मोठ्यानं वाचणार आहे.

---

जुळे सोलापूर
बुधवार, सकाळी ८.२६

वाचा. आणखी एक लिहून घ्या. छातीच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या हातानं पाण्याची कळशी उचलायची नाही. हाताला सूज येते, आली की सहजी जात नाही. गल्लीतल्या दवाखान्यात घाईत कुठल्याही हाताला पट्टा बांधतात. बायका संकोचानं बोलत नाहीत, सोबतच्या माणसानं बोलायचं.

---

आशा, अक्कलकोट तालुका
बुधवार, दुपारी २.१०

मी गावात आशा कार्यकर्ती आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. तंबाखू खाता का, तोंडात न बरी होणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, अंगावरून जातं का. मग उपकेंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. आमच्याकडे कानडी बोलणं जास्त, म्हणून मी ‘नोवु’ विचारते. नीलमनगरच्या ताई म्हणतात ते पटलं.

शंका आलेली बाई पुढच्या तपासणीला पाठवली की तिथं आमचं काम कागदावर संपतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. बाई जात नाही. तिला आजार कळत नाही असं नाही. म्हशीची धार कोण काढणार, मजुरीचा दिवस बुडणार, एसटीतून उतरल्यावर कुठल्या दिशेला जायचं ते माहीत नाही, आणि नवऱ्याला ‘खालची तपासणी’ असं सांगायची लाज. मी एक केलं, दोन बायका असतील तर दोघींना एकाच दिवशी पाठवते. एकटी जात नाही, जोडीनं जाते. मागच्या वर्षी पाच जणी अशा गेल्या. चौघींना काही निघालं नाही, एकीला लवकर सापडलं.

तुमच्या बाकावरचं माणूस स्टँडवर आलं तर? आमच्या बायकांना सोलापूर स्टँडपासून दवाखान्यापर्यंतचं अंतरच सगळ्यांत लांब वाटतं.

---

वैरागकर
बुधवार, दुपारी ३.३०

आशाताईंनी लिहिलं त्यावरून आठवलं. सोबतीचं हे काम केरळातून किंवा परदेशातून शिकायला जायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून १९८७ मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या फाईलींवरून होते. खेड्यात फाईलच नसते, कारण माणूस दवाखान्यात पोचलेलंच नसतं. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. नुसती नावं टिपायचे नाहीत, चावडीवर बसून लक्षणं सांगायचे आणि शंका असेल त्याला बार्शीला यायला लावायचे. त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडायला लागला.

पुढे १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायका. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, एकदाच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. माझी आत्या त्यातल्याच एका गावची. ती सांगायची की तपासणीच्या आधी गावातल्याच ओळखीच्या बायका घरी येऊन बसायच्या, चहा प्यायच्या, मग विषय काढायच्या. मशीन नंतर आलं.

---

सिव्हिल लाईन्स
बुधवार, संध्याकाळी ६.४५

मी डॉक्टर आहे, वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्याच्या सेवेचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. दोन-तीन मुद्दे, जरा सविस्तर लिहितो.

केरळचं नाव आलंच आहे म्हणून. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचं काम उभं केलं. त्यातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचं जाळं तयार झालं. रिक्षावाले, शिक्षक, दुकानदार काही तासांचं प्रशिक्षण घेतात, आठवड्यातले दोन तास देतात, नर्सबरोबर घरी जातात. २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच केलं. शेजारी डॉक्टरचं काम करत नाही. ‘काल रात्री झोपल्या नाहीत’ हे डॉक्टरपर्यंत पोचवणं, एवढं त्याचं काम. साखरपेठकरांचा बाक नेमका याच जागी बसलाय.

आता वेदना. आपल्याकडे मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाबद्दल फार गैरसमज आहेत. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट आला’, ‘व्यसन लागेल’. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या मॉर्फिननं व्यसन लागण्याची भीती फारच कमी असते, आणि ते पेशंटला लवकर नेत नाही. साधी गोळी चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते. ‘फारच दुखलं तर देऊ’ म्हणून घरचे ती डब्यात जपून ठेवतात, आणि मग वेदना आवरत नाही. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध जवळजवळ नेहमीच लागतं. ते दिलं नाही तर पेशंट बद्धकोष्ठानं इतका हैराण होतो की गोळीच सोडून देतो. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तुम्ही फक्त आपल्या भागात ती कुठे मिळते ते शोधून वहीत लिहून ठेवा. डोस मात्र कधीही सांगू नका, एकमेकांच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

दुसरं, केमो चालू असताना ताप. १०० पॉइंट ४ किंवा त्याहून जास्त ताप दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहा. आणि प्रत्येक घरात थर्मामीटर आहे का ते बघा. साठ-सत्तर टक्के घरांत नसेल, असा माझा अंदाज. हात लावून ताप पाहणारी घरं आहेत आपली, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सगळ्यांचंच अंग तापलेलं असतं.

---

होटगी रोड
बुधवार, रात्री ९.००

तिसऱ्या प्रश्नावर. आम्ही वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव घाबरट होता, ऐकल्यावर आठवड्यात गेले असते. ‘आतड्याला सूज आहे’ म्हणालो. सात महिने हसतखेळत काढले त्यांनी. बाहेरच्या माणसांनी आमच्या घरात येऊन सांगायचा अधिकार कुणाला नाही. कृपया यात पडू नका.

---

निवृत्त सिस्टर
बुधवार, रात्री १०.१०

होटगी रोड दादा, तुमचं दुःख समजते. तुम्ही प्रेमापोटी केलंत, त्यात शंका नाही. पण चौतीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून एक सांगते, रागावू नका.

रात्रपाळीला पेशंट मला विचारायचे. मुलगा बाहेर बाकावर झोपलेला असायचा. ‘सिस्टर, शेजारच्या कॉटवरच्यालाही हेच सलाईन चालू आहे, त्याला कॅन्सर आहे ना?’ बहुतेकांना कळलेलं असायचं. मुलगा बापाला वाचवायला खोटं बोलायचा, आणि बाप मुलाला वाचवायला न कळल्यासारखं करायचा. दोघं एकमेकांसमोर हसायचे आणि एकेकटे रडायचे. शेताची वाटणी, बहिणीचं देणं, कुणाला शेवटचं भेटायचं, हे सगळं तसंच राहून जायचं.

नाव आपण घ्यायचं नाही हे बरोबर, तो अधिकार डॉक्टरांचा आणि घरच्यांचा. पण पेशंटनं विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. मी उलट विचारायची, ‘तात्या, तुम्हाला काय वाटतंय? काय जाणून घ्यायचंय?’ कधी तात्या म्हणायचे, काही नको, मला फक्त दुखू नये. मग तेवढंच. कधी म्हणायचे, पोराला बोलवा, मला बोलायचंय. तेव्हा मुलाला उठवायचं आणि आपण बाहेर जायचं.

---

होटगी रोड
बुधवार, रात्री १०.४८

सिस्टर, शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले होते, ‘विहिरीचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत.’ मी म्हणालो, आता कशाला त्याचं. आज वाटतंय, त्यांना माहीत होतं.

---

निवृत्त सिस्टर
बुधवार, रात्री ११.०२

माहीत असेल दादा. आणि तुम्ही त्यांच्यासाठी लपवताय हेही त्यांना माहीत असेल.

---

पुण्यातला सोलापूरकर
गुरुवार, सकाळी ९.१५

सकाळी उठून पूर्ण धागा वाचला. मी २५,००० रुपये लगेच पाठवू शकतो, दर तिमाहीला पाठवत राहीन. खाते क्रमांक द्या.

---

साखरपेठकर
गुरुवार, सकाळी ९.५०

दादा, मनापासून आभार. पण आमचं खातंच नाही, आणि काल रात्री सहाही जणांशी बोलून ते काढायचं नाही असं ठरवलं. पैसा आला की बाकाजवळ रांग लागेल, कुणाला दिले कुणाला नाही यावरून बोलाचाली होतील, आणि आम्ही सहा जण हिशेबातच अडकू. ज्याला खरंच अडचण आहे त्याचं औषधाचं बिल तुम्ही थेट मेडिकलला भरा. आम्ही फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल बघून पेशंटला विचारू की नाव कळवलं तर चालेल का.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक काम आहे. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, पेशंटला मोफत ठेवून घेतात आणि घरचं माणूस सोबत राहतं. इथल्या दोन घरांना तिथे जायचंय, पण पुण्यात उतरल्यावर कुणीच ओळखीचं नाही. स्टेशनवर घ्यायला कुणी आलं तर त्यांना पंचवीस हजारांपेक्षा ते मोठं वाटेल.

---

पुण्यातला सोलापूरकर
गुरुवार, सकाळी १०.०५

गाडी आहे माझ्याकडे. तारीख कळवा. सुट्टी टाकतो.

---

सिद्धेश्वर एक्स्प्रेस
गुरुवार, दुपारी १.२०

मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी लिहितो, माझ्या भावाच्या निमित्तानं आमच्या एकवीस फेऱ्या झाल्या.

फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका. तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक सोलापूरच्या लॅबमधून मागून घ्या, सही करून मिळतात. ते नसले की तिथे पुन्हा तुकडा काढायची वेळ येऊ शकते. आमचा पहिला आठवडा त्यातच गेला. ब्लॉक उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण आहे ते.

रेल्वेची सवलत फार जणांना माहीत नाही. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यातला दाखला दवाखान्यातून सही-शिक्क्यानिशी आणायचा.

उतरायचं दादरला. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. दोन्हीकडे दवाखान्याची फाईल लागते आणि जागा लगेच मिळेलच असं नाही. लहान मूल पेशंट असेल तर टाटामधल्या समाजसेवा विभागात सेंट ज्यूडबद्दल विचारा, तिथे आईवडिलांसकट राहता येतं. हा विभाग म्हणजे पहिल्या दिवशी गाठायची जागा. लाजू नका, तिथली माणसं ऐकून घेतात.

आणि जाताना घरचं पांघरूण न्या. भाऊ म्हणायचा, आपली सोलापुरी चादर अंगावर असली की घरी झोपल्यासारखं वाटतं.

---

आशा, अक्कलकोट तालुका
गुरुवार, संध्याकाळी ७.३०

साखरपेठकर दादा, सोमवारी माझ्या गावातल्या दोघी येणार आहेत. एकीला छातीत गाठ आहे, दुसरी तिच्या सोबतीला. सकाळी सव्वानऊला स्टँडवर उतरतील. एकीची साडी हिरवी असेल, असं सांगून ठेवते. मराठी कळतं, बोलायला लाजतात.

---

साखरपेठकर
शुक्रवार, रात्री ९.१५

आशाताई, सोमवारी आक्का स्वतः स्टँडवर येतील. त्यांना कानडी येतं, मूळ गाव त्यांचं वागदरीकडचं. दोघींना सांगा, उतरल्यावर तिथेच थांबा, हलू नका.

आज नीलमनगरच्या ताई आल्या होत्या. पहिल्या तासात काहीच झालं नाही, त्या नुसत्या बसून राहिल्या. मग एक अम्मा आल्या, सोबत नवरा, यंत्रमागावर कामाला. आम्ही मागच्या तीन वेळा त्यांच्याशी बोललो होतो आणि त्या दर वेळी ‘बरं आहे’ म्हणत होत्या. ताईंनी तेलुगूत दोन वाक्यं बोलल्यावर अम्मांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. लाईटचे अजून किती दिवस आहेत हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलेलं कळलं नव्हतं. चौदा राहिलेत. ताईंनी वहीत तेलुगूत चौदा चौकटी आखून दिल्या, रोज एक खोडायची. रात्री दुखतं हेही आज पहिल्यांदा कळलं, लगेच आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

त्यांच्या नवऱ्यानं विचारलं की सकाळची पाळी सोडून येणं जमत नाही, मजुरी बुडते, तुम्ही कधी संध्याकाळी बसता का? बसत नव्हतो. या रविवारपासून संध्याकाळी सातला बसणार, माझ्या घराच्या कट्ट्यावर.

---

नीलमनगर
शुक्रवार, रात्री ९.४०

मी साडेसहालाच येते. अम्मांच्या शेजारच्या दोघी छातीच्या ऑपरेशनच्या आहेत, त्यांनाही आणते. ब्लाउजच्या आत ठेवायला दुकानात मिळतं ते त्यांना परवडत नाही, ओढणीचा बोळा ठेवतात. मऊ सुती कापड आणि सुईदोरा मी घेऊन येईन. जुळे सोलापूरच्या ताई, तुम्ही घरी शिवता का? नमुना मिळेल?

---

जुळे सोलापूर
शुक्रवार, रात्री ९.५२

शिवते. दोन नमुने आहेत. एकात कापूस भरते आणि खाली थोडी मोहरी घालते, नाहीतर वजन नसल्यामुळे ब्लाउज वर सरकतो. दुसरा उन्हाळ्याचा, पातळ. दोन्ही घेऊन येते. रविवारी कुणी मला साखर पेठेतल्या मारुतीपाशी भेटलं तर बरं, त्या गल्ल्यांत मी नेहमी चुकते.

---

साखरपेठकर
शुक्रवार, रात्री ९.५५

मी उभा राहतो ताई. सव्वासहाला.